यंत्राची भाषा कोणाच्या मालकीची?

१९९२ सालीं अमेरिकेंतील सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनें व्यापारी जगांत क्वचितच आढळणारी एक गोष्ट केली. आपल्या महागड्या चित्रयंत्रांस आज्ञा देण्याची जी भाषा तिनें अनेक वर्षें खपून सिद्ध केली होती, ती सुधारून व तिला ओपनजीएल असें नवें नांव देऊन तिनें प्रतिस्पर्ध्यांपुढें मोकळी केली. भाषेची देखरेख करण्यासाठीं एक मंडळ नेमण्यांत आलें आणि त्यांत आय. बी. एम., इंटेल, डिजिटल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्या सिलिकॉन ग्राफिक्सच्या मांडीला मांडी लावून बसल्या. यांत औदार्याचा अंश फारसा नव्हता. फिग्स नांवाचें दुसरें एक मानक आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून पुढें सरसावलें होतें, आणि स्वतःची भाषा कुलुपांत ठेवली तर ती कुलुपांतच वाळून जाईल, हें कंपनीच्या चालकांनीं वेळीं ओळखलें होतें. परंतु हेतु कांहींही असो, त्या दिवसापासून त्रिमितीय चित्रें काढण्याची एक भाषा कोणा एकाची राहिली नाहीं.

पुढील तीस वर्षांत ग्राफिक्स प्रोसेसरच्या जगांत जो झगडा चालला, त्याचें बीज या घटनेंत आहे. यंत्र कोणीं घडवावें आणि कोणीं विकावें याविषयीं कोणाची तक्रार नव्हती. यंत्राशीं ज्या भाषेंत बोलावयाचें ती भाषा सर्वांची असावी कीं एकाच कारखानदाराची, एवढाच वाद होता. भाषा सर्वांची असेल तर तींत लिहिलेली आज्ञावली कोणत्याही कारखान्याच्या यंत्रावर चालते, आणि गिऱ्हाईक आज एकाकडून तर उद्यां दुसऱ्याकडून माल घेऊं शकतें. भाषा एकट्याची असेल तर लिहिणाऱ्याचे सारे श्रम त्या एकाच्या दाराशीं बांधले जातात. जुनें यंत्र भंगारांत टाकतां येतें. दहा वर्षें खपून लिहिलेल्या लक्षावधि ओळी कोणालाही टाकवत नाहींत.

ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे काय हें समजण्यास लग्नाची पंगत डोळ्यांपुढें आणावी. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा आचाऱ्यासारखा : कोणताही पदार्थ सांगावा, तो करून देतो, परंतु एका वेळीं त्याचे हात एक दोन कढयांतच असावयाचे. ग्राफिक्स प्रोसेसर हा वाढप्यांचा ताफा होय. पडद्यावरील लक्षावधि ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे असतात. गणित सर्वांचें सारखें, आंकडे तेवढे निराळे. तेव्हां शेंकडों वाढपी एकदम निघतात आणि जो तो आपापल्या पानावर तोच पदार्थ वाढतो. एनव्हिडिया कंपनीच्या प्रोसेसरांत ३२ धाग्यांची, म्हणजे जणूं ३२ वाढप्यांची, एकेक तुकडी असते व ती एकाच आज्ञेसरशीं पाऊल टाकते. तुकडींतील एका पानाला भाताऐवजीं पोळी हवी असली तर बाकीचे एकतीस तिष्ठत उभे राहतात, पोळी वाढून होते, आणि मग पंगत पुढें सरकते. अशा यंत्रासाठीं आज्ञावली लिहिणें हें साध्या लिखाणाहून अगदीं निराळें कसब आहे. तें एकदां एका भाषेंत हातीं आलें म्हणजे मनुष्य ती भाषा सहसा सोडीत नाहीं. ही साधी गोष्ट पुढील सर्व हकीकतीच्या मुळाशीं आहे.

मालकीच्या भाषेचा पहिला मोठा डाव खेळांच्या बाजारांत मांडला गेला. सिलिकॉन ग्राफिक्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनीं १९९४ सालीं थ्रीडीएफएक्स नांवाची कंपनी काढली व १९९६ सालीं तिचें व्हूडू नांवाचें कार्ड बाजारांत आलें. घरगुती संगणकावर इतकीं गुळगुळीत आणि वेगवान त्रिमितीय चित्रें तोंपर्यंत कोणीं पाहिलीं नव्हतीं. या कार्डाची भाषा ग्लाइड. ती आटोपशीर होती, कार्डाच्या अंगाबरहुकूम शिवलेली होती, आणि अर्थातच दुसऱ्या कोणाच्या कार्डावर चालत नव्हती. खेळ लिहिणाऱ्यांनीं ती आनंदानें उचलली. पुढें दुसऱ्यांचीं कार्डें तितकींच चपळ होऊं लागलीं, तेव्हां ग्लाइडचे खेळ त्यांवर चालविणाऱ्या दुभाषी आज्ञावली निघाल्या, आणि त्या लिहिणाऱ्यांस कंपनीनें कायद्याचा धाक घातला. १९९९ च्या अखेरीस तिनें स्वतःच ग्लाइड खुली केली. पण तेव्हां गाडी सुटली होती. २००० च्या डिसेंबरांत थ्रीडीएफएक्सची मुख्य मालमत्ता तिच्या प्रतिस्पर्ध्यानें, म्हणजे एनव्हिडियानेंच, विकत घेतली. मालकीच्या भाषेनें कंपनीला वर चढविलें हें खरें. खालीं येतांना मात्र त्या भाषेचा तिला कांहीं उपयोग झाला नाहीं.

याच सुमारास मायक्रोसॉफ्टनें आपली डायरेक्ट-थ्रीडी ही भाषा पुढें आणली होती. ओपनजीएलच्या मंडळांत बसून दुसरीकडे स्वतःची भाषा वाढविण्याचा हा प्रकार अनेकांस रुचला नाहीं. क्वेक या गाजलेल्या खेळाचा कर्ता जॉन कारमॅक यानें १९९६ च्या अखेरीस डायरेक्ट-थ्रीडीवर उघड टीका करून ओपनजीएलचा पक्ष घेतला, व १९९७ च्या जानेवारींत ओपनजीएलवर चालणारी क्वेकची आवृत्ति प्रसिद्धही केली. त्याच वर्षाच्या शेवटीं मायक्रोसॉफ्ट व सिलिकॉन ग्राफिक्स यांनीं मिळून दोन्ही भाषांचा समेट घडविण्याची योजना जाहीर केली. ती फार पुढें न जातां बारगळली. २००३ सालीं मायक्रोसॉफ्ट मंडळांतून बाहेर पडली आणि २००६ सालीं ओपनजीएलचें पालकत्व क्रोनोस या संघाकडे गेलें. चित्रांच्या क्षेत्रांतील झगडा असा बरोबरींत सुटला : विंडोजवर एकाची भाषा, इतरत्र सर्वांची.

खरा संग्राम चित्रांच्या क्षेत्राबाहेर व्हावयाचा होता. २००१ च्या सुमारास कार्डांना छोट्या छोट्या आज्ञावली देतां येऊं लागल्या, आणि कांहीं शास्त्रज्ञांच्या मनांत आलें, कीं वाढप्यांचा एवढा ताफा हाताशीं असतां त्याच्याकडून केवळ रंगच कां वाढून घ्यावे? हवेचे प्रवाह, रेणूंच्या हालचाली, भूकंपाच्या लहरी यांचीं गणितेंही याच जातीचीं असतात. परंतु कार्डाला चित्राखेरीज दुसरी भाषा कळत नव्हती. मग या लोकांनीं गणिताला चित्राचें सोंग दिलें. आंकडे रंग म्हणून कार्डांत भरावयाचे, पडदाभर एक चौकोन काढावयास सांगावयाचें, आणि चित्र तयार झालें म्हणजे त्याच्या ठिपक्यांतून उत्तरें वेंचून घ्यावयाचीं! हा द्राविडी प्राणायाम बरींच वर्षें चालला. स्टॅनफर्ड विद्यापीठांत इयन बक या विद्यार्थ्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं ब्रुक नांवाची भाषा प्रसिद्ध केली आणि सोंगाची गरज पुष्कळशी दूर केली. शास्त्रज्ञानें नेहमींच्या सी भाषेसारखें लिहावें, चित्राचा वेष ब्रुकनें चढवावा, अशी ती सोय होती. त्याच वर्षीं बक एनव्हिडियाच्या नोकरींत गेला.

२००६ च्या नोव्हेंबरांत एनव्हिडियानें जीफोर्स ८८०० हें कार्ड व त्याबरोबर कूडा ही योजना जाहीर केली, आणि पुढल्या वर्षीं ती सर्वांच्या हातीं दिली. कूडा म्हणजे सी भाषेला जोडलेल्या थोड्याशा नव्या आज्ञा, त्यांचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारी सामग्री, आणि त्यांसाठीं मुद्दाम घडविलेलें यंत्र. सामग्रीला मोल नव्हतें. कोणीही उतरवून घ्यावी. परंतु ती चालावयाची ती एनव्हिडियाच्या कार्डावरच. येथें त्या कंपनीनें एक दूरदर्शी गोष्ट केली, तिचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. गणिताची ही सोय तिनें शास्त्रज्ञांच्या महाग यंत्रांपुरती राखून ठेवली नाहीं. शाळकरी पोरें खेळण्यासाठीं घेतात त्या स्वस्त कार्डांतही ती घातली. ज्यांना तिचा कांहीं उपयोग नव्हता अशा लक्षावधि गिऱ्हाइकांच्या कार्डांत हा जादा खर्च वर्षानुवर्षें होत राहिला. पण त्यामुळें जगांतील कोणत्याही विद्यापीठांतील विद्यार्थी आपल्या खोलींतील संगणकावर कूडा शिकूं शकला. इलिनॉय विद्यापीठांत २००७ सालीं एनव्हिडियाचे डेव्हिड कर्क आणि प्राध्यापक वेन-मेइ ह्वू यांनीं यावर रीतसर वर्ग सुरू केले व २०१० सालीं त्यांचें पाठ्यपुस्तक निघालें. गणिताचे तयार ग्रंथसंग्रह, चुका शोधण्याचीं साधनें, वेग मोजण्याचीं साधनें, सारें कंपनीनें स्वतः पुरविलें. भाषा कुलुपांत होती. तिची शाळा मात्र गांवोगांव उघडली होती.

खुल्या पक्षाचें उत्तर यावयास फार उशीर लागला असें नाहीं. २००८ च्या जूनमध्यें ॲपल कंपनीनें ओपनसीएल नांवाच्या भाषेचा मसुदा क्रोनोस संघापुढें ठेवला. ॲपलमधील आफताब मुन्शी हे त्या मसुद्याचे संपादक. संघाच्या कामांत ए. एम. डी., इंटेल, आय. बी. एम. यांच्याबरोबर एनव्हिडियाही होती. इतकेंच नव्हे, तर ज्या समितीनें ओपनसीएल सिद्ध केली तिचें अध्यक्षपद एनव्हिडियाच्याच नील ट्रेव्हेट यांच्याकडे होतें. १९९२ च्या ओपनजीएलच्या दिवसांची आठवण करून देणारें हें दृश्य होतें. अवघ्या सहा महिन्यांत, २००८ च्या डिसेंबरांत, पहिली आवृत्ति जाहीर झाली आणि २००९ च्या ऑगस्टमध्यें ॲपलच्या संगणकांतून ती लोकांच्या हातीं पडली. मुख्य प्रोसेसर असो, ग्राफिक्स प्रोसेसर असो, कोणत्याही कारखान्याचा असो, एकच आज्ञावली सर्वांवर चालावी, असें तिचें अभिवचन होतें.

तें अभिवचन अक्षरशः पाळलें गेलें, आणि तरीही तें फसलें. ओपनसीएलमध्यें लिहिलेली आज्ञावली सर्व यंत्रांवर चाले, उत्तरही बरोबर येई. परंतु एका यंत्रावर जी वायुवेगानें धावे ती दुसऱ्यावर रखडे. वाढप्यांच्या तुकडीचा आकार, भांडीं ठेवण्याच्या जागा, ने-आण करण्याच्या वाटा प्रत्येक कारखान्याच्या निराळ्या. त्यामुळें प्रत्येक यंत्रासाठीं आज्ञावली पुन्हां घांसून घ्यावीच लागे. ज्याला वेग नको त्यानें ग्राफिक्स प्रोसेसरच्या वाटेस जावेंच कशाला? शिवाय लिहिण्याचा जाच मोठा होता. यंत्र शोधा, त्याच्याशीं संधान बांधा, आज्ञांची रांग लावा, गणिताचा भाग मजकूर म्हणून त्याच्या हवालीं करा आणि चालू वेळींच त्याचें रूपांतर करवून घ्या, अशी पूर्वतयारीच पानभर चाले. कूडांत तीच गोष्ट चार ओळींत होई. ओपनसीएल सर्वांची होती, म्हणूनच तिला शिकवणी देणारा, ग्रंथसंग्रह पुरविणारा, अडलेल्याच्या मदतीस धांवणारा असा कोणी एक धनी नव्हता. समिति नियम लिहूं शकते. शाळा चालवूं शकत नाहीं.

प्रतिस्पर्ध्याचा हातही आंखडता होता. ओपनसीएलची १.२ ही आवृत्ति २०११ सालीं ठरली; एनव्हिडियाच्या कार्डांवर ती यावयास २०१५ साल उजाडलें. २०१३ सालच्या २.० आवृत्तींत मुख्य प्रोसेसर व ग्राफिक्स प्रोसेसर यांची स्मृति सामायिक करण्याची मोठी सोय होती, पण बाजारांतील सर्वांत मोठा कारखानदार ती स्वीकारीत नाहीं म्हटल्यावर तिच्यावर विसंबून कोण लिहिणार? यांत कट होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. आपल्याच दुकानासमोर दुसऱ्याचें दुकान सजवून देण्याची उत्सुकता कोणत्या व्यापाऱ्यास असते? पण इतर कंपन्यांनींही ओपनसीएलवर पुरते श्रम केले नाहींत, हें दोषारोप करणारे सोयीस्करपणें विसरतात. गूगलनें अँड्रॉइडमध्यें तिला जागा न देतां रेंडरस्क्रिप्ट ही आपली निराळी भाषा पुढें केली, आणि २०२१ सालीं तीही मोडीत काढली. आणि जिनें ओपनसीएलला जन्म दिला त्या ॲपलनें २०१४ सालीं मेटल नांवाची स्वतःच्या मालकीची भाषा काढून २०१८ च्या जूनमध्यें ओपनजीएल व ओपनसीएल या दोघींनाही आपल्या घरांत कालबाह्य ठरविलें. ओपनसीएल या नांवाचा व्यापारी हक्क मात्र ॲपलपाशींच राहिला.

मधल्या काळांत निकाल लागून गेला होता, आणि तो समित्यांच्या बैठकींत लागला नव्हता. २०१२ सालीं टोराँटो विद्यापीठांतील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर व त्यांचे गुरु जेफ्री हिंटन यांनीं चित्रें ओळखण्याच्या स्पर्धेंत इतरांस फार मागें टाकलें. पहिल्या पांच अंदाजांतही उत्तर चुकण्याचें त्यांचें प्रमाण शेंकडा १५.३ होतें; दुसऱ्या क्रमांकाचें २६.२. त्यांचें यंत्र म्हणजे खेळांसाठीं विकलीं जाणारीं एनव्हिडियाचीं दोन कार्डें. त्यांवर पांच सहा दिवस शिकवणी चालली होती. आज्ञावली कूडांत लिहिलेली होती. त्या तिघांनीं खुल्या व मालकीच्या मानकांचा कांहीं विचार करून कूडा निवडली असेल असें वाटत नाहीं. हाताशीं होतें तें त्यांनीं घेतलें. पण त्यांच्यामागून आलेल्यांनीं त्यांच्या पायवाटेवरच रस्ता बांधला. २०१४ सालीं एनव्हिडियानें कृत्रिम मज्जाजालांसाठीं खास ग्रंथसंग्रह दिला, आणि पुढें निघालेल्या बहुतेक सर्व साधनांचा पाया त्यावर रचला गेला. २०२३ सालीं त्या कंपनीचें बाजारमूल्य एक लक्ष कोटि डॉलरांच्या वर गेलें. यंत्रें उत्तम होतींच. परंतु उत्तम यंत्र दुसराही करूं शकतो. पंधरा वर्षांत जगभरच्या लोकांनीं लिहून ठेवलेल्या ओळी दुसऱ्यास कोठून आणतां येणार?

या प्रश्नाची झळ पुण्यासही लागलेली आहे. तेथील सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हां त्याच्या पोटांत इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्स्प्यूटर चिपा होत्या. ती चिप मागें पडतांच पुढील यंत्र दुसऱ्या चिपांवर रचावें लागलें. याच संस्थेच्या परम सिद्धी-एआय या यंत्रास २०२० च्या नोव्हेंबरांत जगांतील महासंगणकांच्या यादींत ६३ वा क्रमांक मिळाला व २०२३ च्या जूनमध्यें ऐरावत या यंत्रास ७५ वा. दोन्हीं यंत्रें एनव्हिडियाच्या प्रोसेसरांवर उभीं आहेत, आणि साहजिकच तीं वापरणाऱ्यांचें लिखाणही पुष्कळसें त्याच कंपनीच्या भाषेवर विसंबणारें आहे.

खुल्या पक्षाची सर्वस्वीं हार झाली असें मात्र नव्हे. चित्रांच्या क्षेत्रांत ए. एम. डी.नें आपल्या मँटल या भाषेची सामग्री क्रोनोसला देऊन टाकली व तिच्यापासून २०१६ सालीं व्हल्कन ही खुली भाषा निघाली. अँड्रॉइडच्या फोनांवर ती चांगली रुजली. गणिताच्या क्षेत्रांत क्रोनोसनें सिकल ही नवी भाषा काढली आणि इंटेलनें तिच्यावर भिस्त ठेवली. ए. एम. डी.नें निराळी युक्ति योजिली. तिनें हिप नांवाची खुली भाषा केली, ती मुद्दाम कूडाची सावलीच : जेथें कूडा-मॅलॉक लिहावयाचें तेथें हिप-मॅलॉक लिहावें, बाकी रचना तीच. जुन्या आज्ञावलींतील नांवें आपोआप बदलणारें साधनही तिनें दिलें. अमेरिकेच्या सरकारनें ओक रिज येथील फ्रंटियर हा महासंगणक ए. एम. डी.च्या प्रोसेसरांवर बांधविला व २०२२ सालीं तो जगांत पहिला आला. सरकारी प्रयोगशाळांस आपापल्या आज्ञावली त्यासाठीं बदलून घ्याव्या लागल्या. गिऱ्हाईक पुरेसें मोठें असेल आणि खर्चास भीत नसेल, तर भाषेचें बंधन तोडतां येतें, हें यावरून दिसलें. लहान गिऱ्हाइकास तें परवडत नाहीं, हेंही दिसलें.

दुसऱ्याच्या भाषेची नक्कल करण्यास कायद्याची आडकाठी आहे कीं नाहीं, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें निराळ्या प्रकरणांत आला होता. जावा भाषेच्या सुमारें साडेअकरा हजार ओळी गूगलनें उचलल्या म्हणून ओरॅकलनें दावा लावला होता. २०२१ च्या एप्रिलमध्यें न्यायालयानें सहा विरुद्ध दोन मतांनीं तो वापर न्याय्य ठरविला. परंतु आज्ञांच्या नांवांस ग्रंथस्वामित्व मुळांत लागू होतें कीं नाहीं, याचा निर्णय देण्याचें न्यायालयानें टाळलें, आणि तेवढी फट उघडीच राहिली.

त्या फटींतून जाण्याचा प्रयत्न एका एकट्या प्रोग्रॅमरनें केला. २०२० सालीं त्यानें झ्लूडा नांवाची दुभाषी आज्ञावली प्रसिद्ध केली. कूडासाठीं तयार झालेलीं साधनें न बदलतां दुसऱ्यांच्या कार्डांवर चालावीं असा तिचा उद्देश. आरंभीं ती इंटेलच्या प्रोसेसरांवर चाले. मग ए. एम. डी.नें सुमारें दोन वर्षें त्याला द्रव्यसाहाय्य केलें, पुढें तें थांबविलें, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत त्यानें आपलें काम जगास खुलें करून दिलें. थ्रीडीएफएक्सच्या काळीं अशा दुभाष्यास धाक घातला होता तो भाषेच्या मालकानें. या वेळीं हरकत घेतली ती दुभाष्याच्या पूर्वीच्या आश्रयदात्यानें : पत्रानें दिलेली परवानगी कायद्यानें बंधनकारक नाहीं, असें ए. एम. डी.कडून कळविण्यांत आल्यावर ऑगस्टमध्यें त्याला तें काम मागें घ्यावें लागलें. ऑक्टोबरांत त्यानें नव्या आश्रयदात्याचें साहाय्य मिळाल्याचें जाहीर केलें, आणि ए. एम. डी.शीं संबंध येण्यापूर्वीच्या जुन्या मसुद्यापासून पुन्हां लिहावयास आरंभ केला.